आपले प्रश्न, आमची उत्तरे : शहामृगाचा संसार

मागील अंकात आफ्रिकेतील माळरानांवरच्या प्राण्यांविषयीचा लेख प्रसिद्ध झाला होता. त्यात शहामृगावर जेमतेम एक परिच्छेद होता. परंतु आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्या परिच्छेदाविषयीच होती. म्हणून या वेळचे सदर आम्ही एकट्या शहामृगासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : संकट दिसले की शहामृग वाळूत डोके खुपसून बसतो, हे शाळेपासून ऐकत आलो आहे. हे कितपत खरे आहे? (एक वाचक, सातारा)

हे खरे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने असे लिहून ठेवले आहे, की शहामृगाने मान आणि डोके झुडपात खुपसले की आपले सगळे शरीर लपले असे त्याला वाटते. पुढे झुडपाच्या जागी वाळू आली आणि हा समज जगभर पसरला. ज्या पक्ष्याला ताशी सुमारे सत्तर किलोमीटर वेगाने पळता येते, त्याला डोके लपवून बसण्याची गरजच काय, हा साधा प्रश्नही कोणी विचारला नाही, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते.

या समजाला थोडा आधार मिळाला असेल तो घरट्यामुळे. शहामृगाचे घरटे म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ, रुंद खळगा. अंड्यांवर बसलेला नर किंवा मादी अधूनमधून चोचीने अंडी फिरवते आणि तेव्हा दुरून पाहणाऱ्याला पक्ष्याचे डोके जमिनीत गेल्यासारखे दिसते. दुसरे असे, की घरट्यावर बसलेला असताना शत्रूची चाहूल लागली, तर शहामृग लांब मान जमिनीलगत सपाट पसरतो आणि निश्चल पडून राहतो. उन्हाच्या झळांमध्ये मान दिसेनाशी होते आणि उरलेले धड मातीच्या ढिगासारखे वाटते. लहान पिल्लेही धोक्याच्या वेळी पांगून अशीच जमिनीला चिकटतात. उठून पळालो तर अंडी उघडी पडतील, अशा वेळी दिसेनासे होणे हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग असतो.

घरट्यापासून दूर असताना मात्र त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर असतो. शहामृगाच्या डोळ्याचा व्यास सुमारे पाच सेंटीमीटर, म्हणजे माणसाच्या डोळ्याच्या दुप्पट असतो. जमिनीवर राहणाऱ्या कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्याचा डोळा एवढा मोठा नाही. त्याचा एकेक डोळा त्याच्या मेंदूपेक्षाही मोठा असतो, आणि अडीच मीटर उंचीवरून उघड्या माळावर फार दूरचे दिसते. झेब्रे आणि हरणे अनेकदा शहामृगांच्या आसपास चरताना आढळतात.

प्रश्न : एका घरट्यात अनेक माद्या अंडी घालतात आणि त्यांपैकी एकच मादी ती सगळी उबवते, असे आपल्या लेखात होते. दुसऱ्यांच्या अंड्यांसाठी ती एवढे कष्ट का घेते? (एक शिक्षिका, नाशिक)

शहामृगाच्या जीवनातील हा सर्वांत विलक्षण भाग आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

विणीच्या हंगामात नर आपल्या हद्दीत काही खळगे उकरतो. त्याची एक मुख्य मादी असते. ती त्यांपैकी एका खळग्यात दिवसाआड एक याप्रमाणे अंडी घालू लागते. याच काळात परिसरातील इतर माद्याही तेथे येतात, नराशी समागम करतात आणि त्याच घरट्यात अंडी घालून निघून जातात. या दुय्यम माद्या पुढे घरट्याची राखण करत नाहीत, अंडी उबवत नाहीत आणि पिल्लांकडेही पाहत नाहीत. आश्चर्य असे, की दुय्यम मादी अंडे घालायला आली, तर मुख्य मादी तिला हुसकावून न लावता स्वतः बाजूला होऊन जागा देते. पाहता पाहता घरट्यात तीस-चाळीस अंडी जमतात. पण एका पक्ष्याच्या अंगाखाली नीट मावतात ती सुमारे वीसच.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ब्रायन बर्ट्रम यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात केनियातील त्सावो वेस्ट राष्ट्रीय उद्यानात या घरट्यांचा अभ्यास केला. उबवणे सुरू होण्याच्या सुमारास मुख्य मादी जादा अंडी चोचीने ढकलून घरट्याबाहेर सारते. मीटर-दीड मीटरवर जाऊन पडलेल्या त्या अंड्यांतून पिल्लू कधीच बाहेर येत नाही. बर्ट्रम यांनी कोणते अंडे कोणत्या मादीचे याची नोंद ठेवली होती. त्यावरून दिसले ते असे, की बाहेर गेलेली अंडी जवळजवळ सगळी दुय्यम माद्यांची होती आणि मुख्य मादीची स्वतःची अंडी मध्यभागी सुरक्षित होती. याचाच अर्थ आपली अंडी कोणती, हे तिला ओळखता येत होते. आपल्याला सगळी अंडी सारखीच पांढरी वाटतात. बारकाईने पाहिले तर त्यांचा आकार, तकाकी आणि कवचावरील सूक्ष्म छिद्रांची मांडणी मादीगणिक थोडी वेगळी असते. हे निष्कर्ष १९७९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या पक्ष्याचे नाव आपण मूर्खपणाचा दाखला म्हणून घेतो, तो पक्षी वीस-तीस अंड्यांतून आपले अंडे निवडतो, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

आता आपला मूळ प्रश्न. ती परक्यांची अंडी सगळीच का बाहेर काढत नाही? याचे उत्तर हिशेबात आहे. कोल्हा किंवा तरस घरट्यापर्यंत पोहोचला आणि त्याने काही अंडी पळवली, तर घरट्यात जितकी अधिक अंडी असतील तितकी तिचे स्वतःचे अंडे जाण्याची शक्यता कमी होते. कडेची अंडी आधी उचलली जातात आणि कडेला बहुधा दुय्यम माद्यांची अंडी असतात. तिला यासाठी मोजावी लागणारी किंमतही फार थोडी आहे. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते तेव्हा कावळ्याचे मोठे नुकसान होते, कारण परके पिल्लू त्याला आठवडेच्या आठवडे भरवावे लागते. शहामृगाची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत चालू लागतात आणि स्वतः टिपून खातात; त्यांना कोणी भरवत नाही. मग अंगाखाली दहा अंडी असली काय आणि वीस असली काय, बसण्याचे कष्ट जवळपास तेवढेच पडतात.

दुय्यम माद्यांचाही यात लाभ आहे. उघड्या जमिनीवरची अनेक घरटी शत्रूंकडून उद्ध्वस्त होतात. त्यामुळे आपली काही अंडी दुसरीकडे ठेवलेली असणे मादीच्या हिताचेच असते. नैरोबी राष्ट्रीय उद्यानातील शहामृगांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली : एका घरट्यात मुख्य असलेली मादी शेजारच्या घरट्यात दुय्यम मादी म्हणून अंडी घालून आलेली होती. तेव्हा मुख्य आणि दुय्यम या मादीच्या कायमच्या पदव्या नव्हेत.

उबवण्याचे काम सुमारे सहा आठवडे चालते आणि ते नर-मादी वाटून घेतात. करड्या-तपकिरी रंगाची मादी दिवसा बसते, तर काळा नर संध्याकाळच्या सुमारास येऊन रात्रभर बसतो. अंडी घालण्यात दोन-तीन आठवडे गेलेले असले तरी खरी ऊब एकाच वेळी मिळू लागते, म्हणून बहुतेक पिल्ले थोड्या दिवसांच्या अंतराने बाहेर पडतात. पुढे दोन जोड्यांचे थवे समोरासमोर आले, की मोठी माणसे भांडावीत तशी त्यांची झटापट होते आणि जिंकलेली जोडी हरलेल्यांची पिल्लेही आपल्याबरोबर घेऊन जाते. अशा रीतीने एकाच जोडीमागे शंभरहून अधिक पिल्ले चालताना पाहिल्याच्या नोंदी आहेत. हिशेब येथेही तोच असावा. गर्दी जितकी मोठी, तितका आपल्या पिल्लाला धोका कमी.

प्रश्न : पांढरी अंडी उघड्यावर ठेवणे हे शत्रूला आमंत्रण नव्हे काय? टिटवीची अंडी तर मातीत मिसळून जातात. (एक पक्षिनिरीक्षक, सोलापूर)

आपली शंका अगदी योग्य आहे, आणि तीच शंका बर्ट्रम यांनाही आली होती. पांढरे अंडे लांबूनही दिसते हे खरे आहे. मात्र अंडी घालण्याच्या दोन-तीन आठवड्यांत घरटे दिवसाचा बराच वेळ राखणीविना असते आणि वर विषुववृत्ताजवळचे ऊन असते. अंडी तपकिरी रंगवून उन्हात ठेवली असता ती पांढऱ्या अंड्यांपेक्षा अधिक तापतात, असे प्रयोगात आढळले. पांढरा रंग ऊन परतवतो आणि आतला जीव वाचवतो. शत्रूच्या नजरेस पडण्याचा धोका पत्करून उष्णतेचा धोका टाळलेला दिसतो. टिटवी उन्हाच्या वेळी अंड्यांवर उभी राहून सावली धरते. शहामृगाची मादी त्या काळात चरायला गेलेली असते, हा मोठा फरक आहे.

शिवाय अंडे दिसले म्हणजे फोडता आले असे नाही. शहामृगाच्या अंड्याचे वजन साधारण दीड किलो आणि कवचाची जाडी सुमारे दोन मिलिमीटर असते. लहानसहान शिकाऱ्याला ते फुटत नाही. याला सुप्रसिद्ध अपवाद आहे तो पांढऱ्या गिधाडाचा. हा पक्षी महाराष्ट्रातही आढळतो. जेन गुडॉल आणि ह्यूगो व्हॅन लाविक यांनी १९६६ मध्ये टांझानियातील एक निरीक्षण प्रसिद्ध केले : पांढरे गिधाड चोचीत दगड उचलते, मान ताठ करून वर नेते आणि जोराने शहामृगाच्या अंड्यावर फेकते. नेम चुकला तर पुन्हा तोच दगड उचलते आणि कवचाला तडा जाईपर्यंत हे चालू ठेवते. पक्ष्याने साधन वापरल्याचे हे एक गाजलेले उदाहरण आहे.

प्रश्न : शहामृगाचा गुडघा मागे वाकतो काय? आणि त्याला उडता का येत नाही? (इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, रत्नागिरी)

पायाच्या मध्यावर जो सांधा मागे वाकलेला दिसतो, तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, धडाजवळ पिसांत झाकलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. हे सर्वच पक्ष्यांच्या बाबतीत खरे आहे; अंगणातल्या कोंबडीचा पाय नीट पाहिलास तर तुझ्या लक्षात येईल. शहामृगाचे पाय उघडे आणि लांब असल्यामुळे ते अधिक जाणवते, एवढेच.

त्याचे पाऊल मात्र इतर सर्व पक्ष्यांहून वेगळे आहे. जगातील पक्ष्यांपैकी केवळ शहामृगालाच दोन बोटे असतात. आतले बोट मोठे असून त्याला जाड नख असते. धावताना सारा भार त्यावर येतो. बाहेरचे लहान बोट तोल सांभाळते. जमिनीला टेकणारा भाग जितका कमी, तितका पाय हलका आणि तितकी धाव वेगवान, हे सूत्र घोड्याच्या खुरातही दिसते. मांसल स्नायू सगळे वर मांडीत एकवटलेले आहेत आणि खाली लांबलचक कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे, आहेत. पाऊल टेकताना या कंडरा ताणल्या जातात आणि उचलताना ती शक्ती परत देतात, म्हणून शहामृग फार न थकता ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासचा वेग बराच वेळ टिकवू शकतो. कोंडीत सापडला तर तो लाथ मारतो. ही लाथ पुढच्या दिशेने बसते आणि ती जीवघेणी ठरू शकते, म्हणून प्राणिसंग्रहालयात त्याच्या कुंपणाला खेटून उभे राहू नये.

उडण्यासाठी पक्ष्याच्या उरोस्थीवर उभा कंगोरा लागतो. पंख हलवणारे बळकट स्नायू त्यालाच जोडलेले असतात. शहामृगाची उरोस्थी सपाट असते. त्याच्या पिसांचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे हवा अडवणारे पाते तयार होत नाही आणि पीस मोकळे, भुरभुरते राहते. त्यात वजन शंभर ते दीडशे किलो. तरीही पंख निरुपयोगी नाहीत. भरधाव धावताना वळण घेण्यासाठी आणि थांबण्यासाठी ते उघडले जातात, उन्हात पिल्लांवर त्यांची सावली धरली जाते आणि विणीच्या काळात नर मादीपुढे गुडघे टेकल्यासारखा बसून दोन्ही पंख आळीपाळीने हलवतो, मान डावी-उजवीकडे घुमवतो. (येथे 'गुडघे' हे सवयीने लिहिले, वर सांगितल्याप्रमाणे ते घोटेच.) त्या दिवसांत नराची चोच आणि नडग्या लालसर होतात आणि गळा फुगवून तो जो घुमारा काढतो, तो दुरून सिंहाच्या आवाजासारखा वाटतो.

प्रश्न : वाळवंटी उन्हात तो पाण्याविना कसा जगतो? (एक वाचक, बीड)

पाणी मिळाले तर शहामृग आवडीने पितो. न मिळाल्यास रसरशीत पाने, कोंब आणि गवत यांतील ओलावा त्याला बरेच दिवस पुरतो. उष्णता घालवण्यासाठी त्याच्या मांड्या आणि बगला उघड्या असतात. दुपारी तो पंख अंगापासून दूर धरतो, म्हणजे उघड्या त्वचेला वारा लागतो. रात्री थंडी पडली की तेच पंख खाली घेऊन मांड्या झाकतो.

घाम नसल्यामुळे उरलेला मार्ग धापा टाकण्याचा. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात शहामृगांना ५१ अंश सेल्सिअस तापमानात ठेवून पाहिले, तेव्हा सात तासांनंतरही त्यांच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या खाली राहिले. आपण इतका वेळ जोरजोराने श्वास घेतला, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येईल. शहामृगाच्या रक्तातील आम्ल-अल्क समतोल मात्र त्या तासन्‌तासांच्या धापांनंतरही फारसा ढळला नव्हता.

प्रश्न : शहामृग लोखंड पचवतो असे माझे आजोबा सांगत. (एक वाचक, पुणे)

हा समज मध्ययुगीन युरोपात फार प्रचलित होता. पण तो चुकीचा आहे. दात नसल्यामुळे शहामृग खडे गिळतो आणि पोटातील जाड स्नायूंच्या पेषणीत ते खडे चारा दळण्याचे काम करतात. खडा समजून तो चकाकणारी वस्तूही गिळतो. खिळा किंवा तार गिळली तर ती पचत नाही, पोटाला भोके पाडते आणि पक्षी दगावू शकतो. प्राणिसंग्रहालयात नाणी, बाटल्यांची झाकणे किंवा वेष्टने त्याच्या आवारात टाकणाऱ्यांना कृपया थांबवावे.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी आमच्या भागात शेतकऱ्यांनी पाळले ते शहामृगच होते ना? (एक शेतकरी, अहमदनगर)

ते बहुतेक एमू असावेत. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी एमूपालन केले आणि बाजार न मिळाल्याने त्यांचे मोठे नुकसान झाले, हे आपण जाणताच. एमू ऑस्ट्रेलियाचा पक्षी आहे. तो शहामृगाहून बराच लहान असतो, त्याला तीन बोटे असतात, त्याची अंडी गडद हिरवी असतात आणि ती एकटा नर सुमारे आठ आठवडे जवळजवळ उपाशी राहून उबवतो. शहामृगपालनाचे मूळ दक्षिण आफ्रिकेत, औट्सहूर्न परिसरात आहे. युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवरील पिसांच्या हौसेवर तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा व्यापार उभा राहिला आणि १९१४ मध्ये तो कोसळला. जिवंत पक्ष्याची पिसे मुळाशी कापून घेण्याची पद्धत तेथे रूढ झाल्यामुळे शहामृगांची कत्तल टळली, ही त्या व्यापाराची जमेची बाजू म्हणावी लागेल.

प्रश्न : भारतात पूर्वी शहामृग होते काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, चाळीसगाव)

होते, आणि त्याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच तालुक्यात मिळाला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे, त्यापासून केलेले मणी आणि आडव्या-तिरप्या रेषा कोरलेला एक तुकडा सापडला. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. कवचाचा लहान तुकडा घ्यायचा, त्याला बारीक भोक पाडायचे आणि कडा घासून गोल करायच्या, असे ते मणी बनत. आफ्रिकेतील सान लोक असे मणी अगदी अलीकडेपर्यंत याच रीतीने करत आले आहेत आणि अख्ख्या कवचात पाणी साठवत आले आहेत. राजस्थान आणि मध्य प्रदेशातही अशी कवचे आढळली आहेत. त्यांतील काही नमुन्यांतून हैदराबादच्या सीसीएमबी (सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी) या संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए वेगळा काढला आणि तो आफ्रिकी शहामृगाशी जुळतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध केले.

आपण पत्रात असेही विचारले आहे, की शहामृग आज धोक्यात आहे काय. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांत सामान्य शहामृगाची स्थिती बरी आहे. निळसर-करड्या मानेचा सोमाली शहामृग आता स्वतंत्र जाती मानला जातो आणि त्याची नोंद असुरक्षित जातींत आहे. अरबस्तानातील शहामृग बंदुका आणि मोटारी यांच्यापुढे टिकला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो नामशेष झाला. सहाराच्या कडेला राहणाऱ्या लाल मानेच्या उपजातीचेही तेच होण्याची वेळ आली होती. नायजरमध्ये त्या शहामृगांचे बंदिस्त जागेत प्रजनन करून ते पुन्हा मोकळ्या रानात सोडण्याचे काम चालू आहे.